बांधकामाच्या फाइलींचे सामायिक ग्रंथालय : रचना, व्यवहार आणि जबाबदारी

(बी. कॉम. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थ्याचा अभ्यासलेख)

ग्रंथालय म्हटले की पुस्तकांची कपाटे, देवघेवीची खिडकी आणि ग्रंथपालांचे जाड रजिस्टर आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. एखादे पुस्तक एकाने नेले की ते परत येईपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते. गेल्या काही दशकांत मात्र एक निराळेच ग्रंथालय उदयास आले आहे. त्यात पुस्तकांऐवजी संगणकाच्या फाइली असतात. शंभर जणांनी एकच फाइल एकाच दिवशी नेली तरी ती ग्रंथालयात शिल्लक राहतेच. बांधकाम व्यवसायातील अभियंते, नकाशाकार, ठेकेदार व पर्यवेक्षक अशा ग्रंथालयांचा रोज उपयोग करतात. ती कशी चालतात, त्यांचा खर्च कोण सोसतो आणि त्यांतील कागदावर कितपत विसंबावे, याचा विचार वाणिज्य शाखेच्या दृष्टीने करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मी मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा प्रदेश निवडला आहे. माझे आजोळ सौंसर तालुक्यात असल्याने तेथील बांधकामाचे व्यवहार सुट्टीत जवळून पाहण्याचा योग येतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हा प्रदेश दोन राज्यांच्या व दोन भाषांच्या सीमेवर आहे. ज्यांच्या नियतकालिकात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत, त्या आपल्यासारख्या वाचकांना तेथील अडचण चटकन समजेल, असे वाटते.

१. या ग्रंथालयात काय असते?

सर्वसाधारणपणे पाच प्रकारचा माल असतो. पहिला प्रकार नकाशांचा. घराचा आराखडा, पायाचा छेद, जिन्याचा तपशील, दारे-खिडक्यांची चित्रे इत्यादी. दुसरा प्रकार हिशेबाच्या तक्त्यांचा. अंदाजपत्रक, लोखंडाच्या सळयांचा तपशील, काँक्रीटला लागणाऱ्या सिमेंटचा हिशेब हे त्यात येते. तिसरा प्रकार मानकांचा, म्हणजे काम कसे असावे हे सांगणाऱ्या अधिकृत पुस्तिकांचा. चौथा प्रकार दरसूचींचा आणि पाचवा करारनामे, मोजमापाची पत्रके, निविदांचे नमुने यांचा.

यांपैकी नकाशांच्या देवघेवीला खरी चालना मिळाली ती संगणकावरील रेखाटनामुळे. ‘ऑटोकॅड’ हा रेखाटनाचा कार्यक्रम डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आला. त्यापूर्वी नकाशा म्हणजे शाईने काढलेला कागद व त्याची निळी प्रत. प्रत घेताना वेळ व पैसा लागे आणि तीत बदल करायचा तर पुन्हा सारे रेखाटावे लागे. फाइल आल्यावर एकाने काढलेला जिना दुसऱ्याने उचलून आपल्या नकाशात बसविणे सोपे झाले. पुढे २००६ मध्ये ‘थ्रीडी वेअरहाउस’ हे घनाकृती नमुन्यांचे ग्रंथालय सुरू झाले. त्यात कोणीही आपला नमुना ठेवू शकतो व कोणीही तो नेऊ शकतो.

२. फाइल आत येते कशी?

आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले की प्रथम त्यावर दाखल क्रमांक पडतो, मग वर्गीकरण होते, मग त्याचे कार्ड तयार होते व नंतरच ते कपाटात जाते. फाइलींच्या ग्रंथालयातही पायऱ्या जवळजवळ अशाच आहेत.

सदस्य आपल्या नावाने प्रवेश करून फाइल चढवितो. ग्रंथालयाचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, प्रथम ती कोणत्या प्रकारची आहे व तीत अपायकारक काही दडलेले नाही ना, हे तपासतो. त्यानंतर फाइलीचा ‘ठसा’ काढता येतो. हा ठसा म्हणजे फाइलीतील सर्व मजकुरावर गणिती प्रक्रिया करून मिळालेली एक अक्षरमाला होय. ‘शा-२५६’ या प्रचलित पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते. फाइलीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. त्यामुळे तीच फाइल दोनदा आली तर संगणकाला कळते आणि मूळ फाइलीत कोणी गुपचूप फेरफार केला तर तोही उघड होतो. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर ही फाइलीवरची मोहोर आहे.

यानंतर येते नोंद. फाइलीचे नाव, विषय, कर्ता, दिनांक, आवृत्ती आणि उपयोगाच्या अटी ही माहिती चढविणाऱ्याने भरावयाची असते. फाइल न उघडता आत काय आहे ते दिसावे म्हणून तिचे छोटे चित्र तयार होते. शेवटी नोंदीतील शब्दांची सूची बनते. आपण शोधपट्टीत ‘जिना’ असे लिहितो तेव्हा संगणक सर्व फाइली उघडून पाहत नाही, तो ही सूची पाहतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरील शब्दसूचीसारखेच हे आहे.

यातून एक गोष्ट ध्यानात यावी. ठसा संगणक काढतो, चित्र संगणक बनवितो, सूचीही संगणकच करतो. नोंद मात्र माणसाने भरावयाची असते. म्हणून या सर्व यंत्रणेतील सर्वांत दुबळा दुवा तोच आहे.

३. शोधणारा कोणत्या भाषेत शोधतो?

बांधकामाला लागणारी वाळू पुणे-साताऱ्याकडे ‘वाळू’ असते, विदर्भात ती ‘रेती’ होते, हिंदीत ‘रेत’ आणि आपल्या कन्नड मित्रांच्या घरी ‘मरळु’. वीट हिंदीत ‘ईंट’ आणि कन्नडमध्ये ‘इट्टिगे’ असते. लोखंडाची सळई हिंदी भाषिक ठेकेदार ‘सरिया’ म्हणून मागतो, तर कन्नड गवंडी ‘कंबी’ म्हणून. वस्तू एकच, शब्द अनेक. ग्रंथालयाच्या सूचीत केवळ इंग्रजी शब्द असेल तर या चौघांनाही आधी इंग्रजीत भाषांतर करावे लागते, तेव्हा कुठे आपला कागद सापडतो.

सौंसरला हा प्रश्न नित्याचा आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि नकाशावर इंग्रजी अशी तेथील स्थिती आहे. लोकांना तिन्ही भाषांची सवय आहे, पण सूचीला ती नाही. नोंदीत पर्यायी शब्द देण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. ती भरण्याचे कष्ट घेतले, तर मराठी माध्यमातून शिकलेल्या पर्यवेक्षकालाही ग्रंथालयाचे दार उघडते.

४. खर्च कोण करतो?

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळच्या प्रश्नाकडे वळू. फाइल फुकट मिळत असेल तर ग्रंथालय चालते कशावर?

फाइल तयार करण्याचा खर्च मोठा असतो. चांगला नकाशा काढायला अनुभवी माणसाचे कित्येक दिवस खर्ची पडतात. परंतु एकदा ती तयार झाली की तिची दुसरी, दहावी किंवा हजारावी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. अर्थशास्त्रात याला सीमांत खर्च म्हणतात. शिवाय एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. सिमेंटची गोणी व सिमेंटच्या हिशेबाचा तक्ता यांत हाच मूलभूत भेद आहे.

तरीही सर्व्हर, वीज, देखभाल व तपासणी यांचा खर्च राहतोच. तो भागविण्याच्या तीन मुख्य रीती दिसतात.

पहिली रीत सरकारी. येथे खर्च करदात्याच्या पैशातून होतो. ग्रामीण घरांचे उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण हिचा आरंभ २० नोव्हेंबर २०१६ रोजी झाला. तीत घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरले आणि सपाट प्रदेशासाठी १,२०,००० रुपये साहाय्य ठेवण्यात आले. एवढ्या रकमेत लाभार्थीने वास्तुतज्ज्ञ कोठून आणावा? म्हणून केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व दिल्लीची आय. आय. टी. यांच्या सहकार्याने ‘पहल’ नावाचा घरांच्या नमुन्यांचा संग्रह सिद्ध केला. हवामान व स्थानिक साहित्य पाहून प्रदेशवार नमुने देणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

दुसरी रीत उत्पादकांची. स्वीडनमधील माल्म या शहरात २०११ मध्ये स्थापन झालेली ‘बिमऑब्जेक्ट’ ही कंपनी याचे उदाहरण आहे. दारे, नळ, दिवे बनविणारे कारखाने आपल्या वस्तूंचे संगणकीय नमुने तेथे ठेवण्यासाठी पैसे देतात. वास्तुरचनाकार ते फुकट नेतो. कारण उघड आहे. ज्याच्या खिडकीचा नमुना नकाशात बसला, त्याची खिडकी विकत घेतली जाण्याचा संभव वाढतो. ग्राहकाला ते ग्रंथालय वाटते, उत्पादकाच्या वहीत तो जाहिरात खर्च असतो.

तिसरी रीत परस्परांची. एक फाइल द्या, काही फाइली न्या, असा हा व्यवहार आहे. देणाऱ्याच्या खाती गुण जमा होतात, नेणाऱ्याच्या खाती वजा होतात. केवळ नेणारे वाढले आणि देणारे आटले तर ग्रंथालय बसते, म्हणून ही तजवीज. परंतु या रीतीत एक दोष संभवतो. गुण मिळविण्यासाठी लोक कसलीही फाइल चढवू लागतात. दुसऱ्याची फाइल नाव बदलून येते, अर्धवट तक्ता पूर्ण म्हणून येतो, दहा वर्षांपूर्वीचा कागद नवा म्हणून येतो. संख्या वाढते, मोल घटते.

५. मालकी व परवानगी

फाइल सापडली म्हणजे ती आपली झाली, असा समज सर्वत्र आढळतो. आपल्या देशाच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार नकाशा व आरेखन ही कलाकृती मानली जाते आणि वास्तूलाही संरक्षण आहे. कर्त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. अर्थात कर्ता स्वतःच काही अटींवर परवानगी देऊ शकतो. नाव द्या व वापरा, वापरा पण विकू नका, वापरा पण बदलू नका, अशा तऱ्हेच्या तयार परवान्यांची ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही पद्धत २००२ पासून प्रचलित आहे. म्हणून नोंदीतील परवान्याची ओळ वाचणे हे नेणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

मानकांच्या बाबतीत प्रश्न थोडा वेगळा आहे. भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ ची. १९८७ मध्ये तिचे भारतीय मानक ब्यूरोत रूपांतर झाले. इमारत सुरक्षित कशी बांधावी हे सांगणाऱ्या तिच्या पुस्तिका विकत घ्याव्या लागत. जो नियम पाळण्याची अपेक्षा नागरिकाकडून आहे तो त्याला वाचायला पैसे का पडावेत, असा सवाल कार्ल मालमुद या अमेरिकन कार्यकर्त्याने केला व आपल्या ‘पब्लिक रिसोर्स’ या संस्थेमार्फत हजारो भारतीय मानके इंटरनेटवर खुली केली. २०१५ मध्ये हा विषय दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आता ब्यूरोनेच आपली मानके विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली आहे. सौंसरसारख्या गावी बसलेल्या तरुण अभियंत्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

६. सीमेवरचा प्रदेश

ग्रंथालयाची यंत्रणा कळली. आता तीतून निघालेली फाइल पांढुर्णा-सौंसर भागात पोचली की काय होते, ते पाहू.

सातपुड्याच्या दक्षिणेस वसलेला हा प्रदेश संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. पांढुर्णा हे जाम नदीच्या काठी, इटारसी–नागपूर लोहमार्गावर आहे. सौंसर तालुक्यात बोरगाव येथे औद्योगिक वसाहत आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर व हा भाग एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, हा भाग छिंदवाडा जिल्ह्यासह नव्या मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कामासाठी तोंड भोपाळकडे असले, तरी बाजारहाट, दवाखाना व सोयरीक यांसाठी लोकांचे पाय नागपूरकडेच वळतात. फाइलींचेही तसेच होते. नागपूरच्या ओळखीच्या अभियंत्याने पाठविलेला मराठी मथळ्यांचा तक्ता सौंसरच्या ठेकेदाराला आपलासा वाटतो, हे स्वाभाविक आहे.

अडचण येथेच आहे. महाराष्ट्रात सरकारी बांधकाम ‘सार्वजनिक बांधकाम विभाग’ करतो, मध्य प्रदेशात ‘लोक निर्माण विभाग’. दोघांच्या दरसूची स्वतंत्र आहेत. बाबींची वर्णने निराळी, क्रमांक निराळे, दर निराळे. ‘डीएसआर’ या तीन अक्षरांचेच पाहा. महाराष्ट्रात पूर्वी त्यांचा अर्थ जिल्हा दरसूची असा होता. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कागदात त्याच तीन अक्षरांचा अर्थ दिल्ली दरसूची असा होतो. ग्रंथालयात ‘डीएसआर’ असे लिहून शोधणाऱ्याला दोन्ही मिळतील. नोंदीत राज्य व वर्ष नसेल तर कोणती कोठली, हे त्याने कसे ओळखावे?

निविदेच्या वेळी तर याचा थेट पैशाशी संबंध येतो. शासनाच्या ई-निविदा संकेतस्थळावरून ठेकेदार कामांच्या परिमाणांचा तक्ता उतरवून घेतो, त्यात आपले दर भरतो व तोच तक्ता परत चढवितो. त्या तक्त्याच्या नावात वा रचनेत बदल केला तर निविदा बाद होऊ शकते. दर काढण्यासाठी मात्र तो दुसरीकडून मिळालेल्या तक्त्यांचा आधार घेतो. तो आधार शेजारच्या राज्याचा किंवा जुन्या वर्षाचा असेल, तर दर चढा पडून काम हातचे जाते, नाहीतर उतरता पडून काम गळ्यात पडते. यांपैकी दुसरी आपत्ती अधिक वाईट, कारण तोटा सोसणारा छोटा ठेकेदार मग मालात काटकसर करू लागतो.

येथे सर्व फाइली सारख्याच धोक्याच्या आहेत असे मात्र नाही. त्यांचे तीन वर्ग करता येतात.

काही फाइली सर्वत्र व सर्वकाळ खऱ्या असतात. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग करून १६२ ने भागले की एक मीटर लांबीचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १० मि. मी. सळईचे ते ०.६१७ किलो व १२ मि. मी. सळईचे सुमारे ०.८८९ किलो येते. हे नागपुरात तेच, सौंसरला तेच आणि बेळगावातही तेच.

काही फाइली मानक बदलेपर्यंत खऱ्या असतात. काँक्रीटचे मुख्य मानक आय. एस. ४५६ हे आहे. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीप्रमाणे सळया घातलेल्या काँक्रीटसाठी किमान एम १५ प्रत चालत असे. २००० च्या आवृत्तीने ती किमान एम २० केली. यातील आकडा म्हणजे २८ दिवसांनंतर काँक्रीटच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन दाब सोसावा, याचे माप होय.

उरलेल्या फाइली त्या त्या जागेपुरत्या व दिवसापुरत्याच खऱ्या असतात. दर, कर आणि पायाचे नकाशे हे या वर्गात येतात. कोकणातील जांभ्यावर बांधलेल्या घराच्या पायाचा नकाशा काळ्या कपाशीच्या जमिनीवर वापरता येत नाही, कारण ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया त्याबरोबर हलतो आणि भिंतींना तडे जातात. नकाशा सुबक आहे म्हणून जमीन आपला स्वभाव बदलत नाही.

७. एक हिशेब

वरील विवेचन आकड्यांत मांडून पाहू. समजा, सौंसर तालुक्यातील एका खेड्यात २५ चौरस मीटरचे छत घालायचे आहे. जाडी १० सेंटिमीटर. म्हणजे काँक्रीट झाले २.५ घनमीटर. ठेकेदाराने ग्रंथालयातून सिमेंटच्या हिशेबाचा एक तक्ता उतरवून घेतला. तक्त्यावर तारीख नाही. तो बराच जुना असून एम १५ गृहीत धरणारा आहे आणि कोणीतरी मध्येच त्यात सिमेंटवरील २८ टक्के वस्तू व सेवा कर घातला आहे, असे मानू.

एक घनमीटर काँक्रीटला कोरडे साहित्य सुमारे १.५४ घनमीटर धरतात. एम १५ साठी १ : २ : ४ या प्रमाणाने सिमेंटच्या सुमारे ६.३ गोण्या लागतात. एम २० साठी १ : १॥ : ३ या प्रमाणाने सुमारे ८ गोण्या लागतात. म्हणून २.५ घनमीटरला जुन्या तक्त्याप्रमाणे १६ व नव्या मानकाप्रमाणे २० गोण्या येतात.

कराचे पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील कर २८ वरून १८ टक्के झाला. हिशेबाच्या सोयीसाठी गोणीची करपूर्व किंमत ३०० रुपये धरली, तर जुन्या करासह ती ३८४ रुपयांना व नव्या करासह ३५४ रुपयांना पडते.

जुना तक्ता सांगतो : १६ गोण्या, दर ३८४, एकूण ६,१४४ रुपये.
योग्य हिशेब सांगतो : २० गोण्या, दर ३५४, एकूण ७,०८० रुपये.

फरक ९३६ रुपयांचा. एवढ्याशा घरात तो फार मोठा वाटणार नाही. परंतु तो कसा झाला ते बघण्यासारखे आहे. गोण्यांच्या चुकीने हिशेब १,५३६ रुपयांनी खाली आला, कराच्या चुकीने तो ६०० रुपयांनी वर गेला. दोन चुकांनी एकमेकींना अंशतः झाकले. आपण पुस्तपालनात भरपाईच्या चुका शिकतो. खातेवहीत दोन विरुद्ध चुका झाल्या तर तेरीज जुळते आणि चूक मात्र आत तशीच राहते. येथेही तसेच आहे. ज्याने केवळ अखेरची बेरीज पाहिली त्याला ती बाजाराच्या अंदाजाजवळची वाटेल. कराचा फरक पैशात भरून निघेल. छतात न पडलेल्या चार गोण्या मात्र कधीच भरून निघणार नाहीत. त्या छताखाली एखादे कुटुंब पुढची तीस-चाळीस वर्षे झोपणार आहे.

८. नोंद कशी असावी?

यावरून हे ग्रंथालय निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढू नये. भोपाळ व नागपूर येथील मोठ्या कचेऱ्यांना जे ज्ञान उपलब्ध आहे, ते पांढुर्ण्याच्या होतकरू तरुणाला त्याच दिवशी मिळावे, ही सोय पूर्वी कधीच नव्हती. प्रश्न फाइलीचा नसून तिच्या नोंदीचा आहे. वाणिज्य शाखेत आपण पहिल्याच वर्षी शिकतो की प्रमाणकाशिवाय नोंद करू नये आणि प्रमाणकावर तारीख, रक्कम, कारण व सही हवी. हाच नियम येथे लावला तर प्रत्येक फाइलीवर पुढील सात गोष्टी असाव्यात, असे मला वाटते.

(१) फाइल कोणी तयार केली. (२) केव्हा केली व शेवटचा बदल केव्हा झाला. (३) कोणत्या मानकाची कोणती आवृत्ती धरली. (४) कोणत्या राज्याची व कोणत्या वर्षाची दरसूची धरली. (५) दरात कर आहे की नाही, असल्यास किती टक्के. (६) कोणती जमीन, विटांचा कोणता आकार व कोणते साहित्य गृहीत धरले. (७) वापरण्याची परवानगी कोणत्या अटींवर आहे.

यांपैकी विटांच्या आकाराची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण नाही. प्रमाणित वीट सांध्यासह २० × १० × १० सेंटिमीटर धरली तर एका घनमीटरला ५०० विटा लागतात. गावच्या भट्टीची वीट या मापाची असेलच असे नाही. माप बदलले की विटांची संख्या, चुनखडी-सिमेंटचा मसाला व मजुरी ही सारीच बदलतात.

नेणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे. तक्त्यातील एक तरी ओळ त्याने हाताने करून पाहावी. बारा मिलिमीटरच्या सळईचे वजन किंवा एका घनमीटरच्या गोण्या काढायला पाच मिनिटे लागतात. ती ओळ जुळली नाही तर पुढचा तक्ता वाचण्याचे कारण उरत नाही. आणि जेथे माणसांच्या जिवाचा संबंध आहे, तेथे जागा पाहिलेल्या जाणत्या अभियंत्याची सही घेतल्याशिवाय केवळ उतरवून घेतलेल्या नकाशावर पाया खणू नये.

समारोप

फाइलीची प्रत फुकट निघते म्हणून तिच्यावरची जबाबदारीही फुकट निघते, असा भ्रम या नव्या साधनाने निर्माण केला आहे. जुन्या काळी गवंडी आपल्या उस्तादाकडून प्रमाण शिके, तेव्हा ते कोणाचे, कोणत्या मातीतले व कोणत्या कामासाठीचे, हे त्याला ठाऊक असे. कारण सांगणारा समोर उभा असे. आज सांगणारा समोर नाही. त्याच्या जागी नोंदीच्या चार ओळी आहेत. त्या ओळी लिहिणे हे काम अभियंत्याचे जितके, तितकेच हिशेब जाणणाऱ्याचेही आहे.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या ठेकेदारांच्या, सहकारी संस्थांच्या किंवा शासनाच्या कचेऱ्यांत हिशेबाला बसतील. त्यांच्यापुढे अशा फाइली रोज येतील. त्यांतील बेरीज तपासण्यापूर्वी तारीख, राज्य व आवृत्ती तपासण्याची सवय त्यांनी आतापासून लावून घ्यावी, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.